डेडस्टॉक रजिस्टरात लायब्ररीचीही नोंद करा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. लॅपटॉपचा स्क्रीन, काळ्या पट्टीत लाल-केशरी इंग्रजी, आणि खाली मेसेज : "सर एरर येतोय, उद्या प्रदर्शन आहे." फोटोत नेमकी शेवटची ओळ असते. 'एरर कंपायलिंग फॉर बोर्ड आर्डुइनो उनो', नाहीतर 'एक्झिट स्टेटस वन'. पेशंट दाखवायचा सोडून दवाखान्याच्या पाटीचा फोटो पाठवल्यासारखं झालं हे. खरी ओळ वर असते आणि ती कुणी पाठवत नाही.

आज त्या वरच्या ओळीबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. ज्यांना विषय कोरडा वाटेल त्यांनी मधला मोटरीचा किस्सा तेवढा वाचा, पण शाळेवर, कॉलेजवर, शाळा व्यवस्थापन समितीवर जे कुणी आहेत त्यांनी पूर्ण वाचा अशी विनंती. पैसा सरकारी आहे, म्हणजे आपलाच आहे.

राहुरी तालुक्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. स्टार्टर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर ही मूळ कामं. गेल्या काही वर्षांत त्यात आर्डुइनोवाले आले. आधी डिप्लोमाची पोरं, मग शाळांचे विज्ञानाचे सर, आता तर थेट शेतकरी.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते सांगतो, कारण एका शाळेत मी "लायब्ररी सापडत नाहीये" म्हटल्यावर शिपाईमामांनी ग्रंथालयाची किल्ली आणून दिली होती.

आर्डुइनो हे छोटं बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात तयार झालं, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. ज्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नाही त्यालाही दिवा लुकलुकवता यावा, मोटर फिरवता यावी हा हेतू. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते उनो. त्याच्या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ केबी जागा आणि काम करताना लक्षात ठेवायला फक्त २ केबी. सकाळी ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो यात मावणार नाही. पण विहिरीची मोटर चालवायला एवढं रग्गड झालं.

आता एलसीडीवर अक्षर उमटवायचं किंवा घड्याळाच्या चिपला वेळ विचारायची, तर त्यासाठी बराच किचकट कोड लागतो. तो कुणीतरी आधीच लिहून जगाला फुकट देऊन ठेवलेला असतो. त्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला फक्त तिचं नाव लिहायचं. प्रोग्रॅम चिपमध्ये भरण्याआधी कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर ते नाव वाचतं, लॅपटॉपमधल्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरमध्ये शोधतं, आणि सगळं एकत्र करून चिपला कळणाऱ्या आकड्यांत बदलतं. कुठे काही जुळलं नाही की थांबतं, आणि का थांबलो ते लिहून ठेवतं. आपण ते वाचत नाही, एवढीच अडचण आहे.

पुस्तकांच्या लायब्ररीत हा गोंधळ होत नाही. आपल्या नगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. कुठल्याही जुन्या वाचनालयात पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो, लेखक लिहितात, आवृत्ती लिहितात. त्यामुळे 'ते व्याकरणाचं पुस्तक द्या' म्हटलं तर ग्रंथपाल विचारतो, कुणाचं? कितवी आवृत्ती? कंपायलर हे विचारत नाही. नाव जुळलं की जे हाताला लागेल ते उचलतो.

नावाचीही गंमत बघा. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. (बाजूने-विरोधात कॉमेंट नकोत, विषय दुसरा आहे.) एसटीत अजूनही आपण "एक नगर द्या" म्हणतो आणि कंडक्टर तिकीट फाडतो. माणसाला सगळी नावं कळतात. पण ऑनलाइन फॉर्म भरायला बसा. कागदावर एक नाव, यादीत दुसरं. मशिन म्हणतं जुळत नाही, आणि तुम्ही त्याच गावात त्याच घरात बसलेले असता.

आर्डुइनोत हेच २०११ च्या अखेरीस झालं. १.० ही आवृत्ती आली. त्याआधी प्रत्येक लायब्ररी ज्या मूळ फाइलवर उभी असायची तिचं नाव होतं डब्ल्यूप्रोग्रॅम डॉट एच. ते बदलून आर्डुइनो डॉट एच झालं. 'वायर' नावाच्या लायब्ररीत माहिती पाठवायचा हुकूम 'सेंड' होता, तो 'राइट' झाला. 'रिसीव्ह'चा 'रीड' झाला. प्रोग्रॅमच्या फाइलचं शेपूट पीडीई होतं, ते आयएनओ झालं. त्याआधी लिहिलेल्या लायब्रऱ्यांचं काम काही वाईट नव्हतं, फक्त त्यांच्यावर जुना पत्ता राहिला. इतकी वर्षं झाली तरी एखाद्या जुन्या पानावरून झिप उतरवली की तो जुना पत्ता अजून निघतो.

तर मोटरीचा किस्सा.

मुळेच्या कालव्याजवळ एक शेतकरी आहेत, मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या मुलाने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी, २०१९ मध्ये, घरच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला. विकतचा नाही, स्वतः केलेला. आर्डुइनो, सिमकार्डचं मॉड्यूल, घड्याळाची चिप, दोन ओळींची एलसीडी आणि रिले, सगळं एका फ्यूजपेटीत. अण्णांच्या नंबरवरून मिस कॉल गेला की मोटर चालू, पुन्हा गेला की बंद. दुसऱ्या कुणाचा कॉल आला तर ढिम्म. घड्याळ असल्यामुळे लाइट कितीला आली, मोटर किती वेळ चालली, हेही एलसीडीवर दिसायचं.

शहरातल्या मित्रांना यात विशेष वाटणार नाही. पण शेतीची लाइट पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन उसाच्या कडेने विहिरीवर जायचं. आपल्या भागात उसात बिबट्या आहे हे राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, अकोल्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. दारं धरायला जावं लागतंच, पण निदान मोटरीसाठी अंधारात दोन चकरा वाचतात. पाच वर्षं ती पेटी बिनतक्रार चालली.

मग अण्णांचं सिम बंद पडलं आणि नवीन नंबर घ्यावा लागला. जुना नंबर प्रोग्रॅममध्ये लिहिलेला. नवीन नंबरच्या कॉलला पेटी ओळख देईना. ज्याची मोटर तोच परका. अण्णा बोर्ड काढून पिशवीत घालून माझ्याकडे आले. काम काय, तर दहा आकडे बदलायचे.

पण दहा आकडे बदलायचे तरी अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो. चिपमध्ये आपण लिहिलेली वाक्यं नसतात, त्यांचं पीठ झालेलं असतं. पिठातून गहू परत निघत नाही. (जाणकार म्हणतील, चिपमधलं पीठच वाचून घेऊन त्यातला नंबर शोधून बदलता आला असता. आला असता, चिप लॉक नसेल तर. पण पुढच्या नंबरला पुन्हा हीच कसरत.) मुलगा आता चाकणला कंपनीत आहे. त्याने जुन्या मेलमधून प्रोग्रॅमची फाइल पाठवली. एकच फाइल. लायब्रऱ्या नाहीत.

मी दुकानात नवा लॅपटॉप घेतलेला, त्यावर ती उघडली. पहिला एरर : लिक्विडक्रिस्टल आयटूसी डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. हा सगळ्यात सोपा. एलसीडीची लायब्ररी या लॅपटॉपवर नाही, एवढंच तो सांगतोय. लायब्ररी मॅनेजरमधून घेतली. पुन्हा कंपाइल केलं तर नवीनच : 'पॉझिटिव्ह' वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. लायब्ररी काढायची, पुन्हा टाकायची, लॅपटॉप बंद-चालू करायचा, मग बोर्ड खराब म्हणून नवीन मागवायचं. बोर्डाचा यात काही संबंधच नाही. बोर्ड तर अजून लॅपटॉपला जोडलेलंही नसतं. कंपाइल ही लॅपटॉपच्या पोटात होणारी गोष्ट आहे.

झालं होतं असं की याच नावाच्या लायब्रऱ्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या आहेत. शिर्डी रोडला साईकृपा नावाची किती हॉटेलं आहेत मोजा, तसलाच प्रकार. पाटी एक, आतला स्वयंपाक वेगळा. एका लायब्ररीला एलसीडीचा पत्ता सांगावा लागतो, मग कुठली तार कुठल्या पिनला, आणि शेवटी मागच्या दिव्याची बाजू पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. दुसरीला फक्त तीन गोष्टी पुरतात : पत्ता शून्य एक्स २७, एका ओळीत १६ अक्षरं, ओळी २. मुलाचा कोड पहिलीसाठी लिहिलेला आणि मॅनेजरने मला दिली दुसरी. तिला 'पॉझिटिव्ह' हा शब्दच माहीत नाही, म्हणून ती म्हणते हे कुणी जाहीर केलं? एक ओळ बदलली, एलसीडी सुरू करायचा 'बिगिन' हुकूम होता त्या जागी 'इनिट' लिहिला, आणि तो एरर गेला.

तिसरा घड्याळाचा. मुलाला फोन लावला, कुठून घेतली होती लायब्ररी? त्याने पान सांगितलं. झिप उतरवून उघडली आणि आत आपला जुना मित्र, डब्ल्यूप्रोग्रॅम डॉट एच. तो पत्ता बदलला तर पुढे : टूवायरमध्ये 'सेंड' नावाचं काही नाही, तुम्हाला 'एंड' म्हणायचंय का? कंपायलरचा हा सल्ला ऐकू नका बरं का. त्याला अर्थ कळत नाही, स्पेलिंगला जवळचं जे सापडेल ते सुचवतो. सेंड म्हणजे पाठव, एंड म्हणजे संपव. हवं होतं 'राइट'. 'सेंड' जिथे जिथे होतं तिथे 'राइट', 'रिसीव्ह' होतं तिथे 'रीड', असं करत गेलो.

मुलगा फोनवर म्हणाला, "काका, पण माझ्याकडे तर ती चालत होती."

चालत होती, कारण २०१९ मध्ये लॅबमध्ये कुणीतरी ही फाइल हाताने दुरुस्त करून त्याला दिली होती. मी आत्ता जे केलं तेच त्या माणसाने पाच वर्षांपूर्वी केलं होतं. ती दुरुस्ती मुलाच्या लॅपटॉपमधल्या डॉक्युमेंट्समध्ये, आर्डुइनोच्या फोल्डरमध्ये, लायब्रऱ्यांच्या फोल्डरमध्ये पडून होती. नोकरी लागल्यावर लॅपटॉप विकला. प्रोजेक्ट रिपोर्ट सोनेरी अक्षरांत बाइंड होऊन कॉलेजात आहे, त्यात शाळा-कॉलेजचे आभार आहेत, इंटरनेटवरून उतरवलेले ब्लॉक डायग्राम आहेत. कुठली लायब्ररी, कुणाची, कितवी आवृत्ती, आत काय बदललं, याची एक ओळ नाही.

दोन तास गेले. अण्णा बाकावर बसून होते. मध्ये एकदा म्हणाले, "बोर्ड गेलं का रे?"

"बोर्ड चांगलं आहे अण्णा."

"मग?"

"पुस्तक बदललंय."

त्यांना काय कळलं माहीत नाही, पण मान हलवली आणि चहा सांगितला.

नंबर बदलून झाल्यावर मी आणखी एक काम केलं. या चिपमध्ये १ केबी जागा अशी असते की लाइट गेली तरी तिथे लिहिलेलं पुसत नाही. मोटरीचा नंबर प्रोग्रॅममधून काढून तिथे ठेवला. आता ठरलेला गुप्त शब्द आणि नवा नंबर असा मेसेज पेटीला पाठवला की नंबर बदलतो. कंपाइल नको, लॅपटॉप नको, मी पण नको.

आता शाळांकडे येतो.

डिसेंबरात नववीतली एक मुलगी तिच्या सरांबरोबर आली होती, मराठी माध्यमाची. ओलावा मोजून झाडाला पाणी देणारं मॉडेल. तिलाही तोच 'पॉझिटिव्ह'वाला एरर. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, "सर, माझं इंग्लिश कच्चं आहे." मी म्हटलं, चार शब्द आहेत, डिक्लेअर म्हणजे काय? जरा थांबून म्हणाली, "रिझल्ट डिक्लेअर होतो तसं? जाहीर?" हो, तसंच. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे पॉझिटिव्ह जाहीर केलेलं नाही. मग ते कुठे जाहीर करायचं असतं?" बस, हाच प्रश्न. इथून पुढे तिला पाच मिनिटं लागली. तिचं इंग्रजी कच्चं होतं, डोकं नव्हतं.

कंपायलरचं इंग्रजी वीस-पंचवीस वाक्यांचं आहे, त्यापलीकडे रोजच्या कामात फारसं काही येत नाही. 'नो सच फाइल' म्हणजे ज्या नावाने मागितलं त्या नावाचं काही माझ्याकडे नाही. 'नॉट डिक्लेअर्ड' म्हणजे हा शब्द मी कधी ऐकला नाही. 'नो मॅचिंग फंक्शन' म्हणजे माणूस ओळखतो, पण तुम्ही त्याच्या हातात दिलेला माल त्याचा नाही; इथे बहुतेक वेळा लायब्ररीची आवृत्ती बदललेली असते. 'रीडेफिनिशन' म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली. ही वाक्यं मराठी अर्थासह भिंतीवर लावायला किती खर्च येतो? एक चार्टपेपर आणि एक स्केचपेन.

आणि सगळ्यात वरचा एरर आधी. खालचे दहा बहुधा त्या एकाचीच पिल्लं असतात. वरचा गेला की अर्धे आपोआप जातात. लाल-केशरी दिसलं म्हणून प्रत्येक ओळ एरर नसते हेही सांगून ठेवतो. 'ही लायब्ररी अमुक चिपसाठी आहे, तुमच्या बोर्डाला कदाचित चालणार नाही' अशी सूचना येते, त्या सूचनेने कंपाइल थांबत नाही. पोरं तिलाच घाबरून बसतात आणि खरा एरर वेगळाच असतो. बोर्डाच्या यादीत चुकीचं बोर्ड निवडलं तर वायफायची लायब्ररी सापडत नाही. तेव्हा लायब्ररी शोधत फिरण्यात अर्थ नसतो, कारण ती बोर्डाच्या पॅकेजबरोबरच येते. काही आवृत्त्यांना विंडोजमध्ये युजरचं नाव देवनागरीत असलेलं चालत नाही. आपला मराठी बाणा तिथे जरा बाजूला ठेवावा लागतो.

ईएसपी ३२ वापरणाऱ्यांसाठी ताजा प्रकार. २०२४ मध्ये त्याच्या पॅकेजची ३.० आवृत्ती आली. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला जे 'लेडसी सेटअप' आणि 'लेडसी अटॅचपिन' असे दोन हुकूम होते ते गेले, त्या जागी 'लेडसी अटॅच' हा एकच आला. त्याआधीचे यूट्यूबवरचे शेकडो व्हिडिओ तसेच आहेत. सर व्हिडिओ बघून बरोबर तसंच टाइप करतात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि एरर येतो. मग सरांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. चॅटबॉटला विचारा असंही मला सुचवतात. विचारा की. मीही विचारतो. पण तुमच्या लॅपटॉपवर कुठली आवृत्ती आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? तो जुनी आणि नवी दोन्ही एका पातेल्यात घालून देतो.

म्हणजे गाडी फिरून पुन्हा त्या एका गोष्टीवर येते. आवृत्ती लिहून ठेवलेली नसते.

अटल टिंकरिंग लॅब ही केंद्राची योजना नीती आयोगाने २०१६ मध्ये सुरू केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅब उभारायची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे, मी स्वागतच करतो. पेट्या येतील, उद्घाटन होईल, फोटो येतील. मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होईल : आर्डुइनो उनो नग अमुक, एलसीडी नग अमुक, ब्रेडबोर्ड, वायरी, सोल्डरिंग गन. ऑडिटला हे सगळं मोजून दाखवावं लागतं, म्हणून कपाटाला कुलूप.

पण त्या बोर्डाला चालवणारं जे आहे त्याला रजिस्टरात रकानाच नाही. ज्या सरांना ते जमत होतं त्यांची बदली झाली, लॅपटॉप फॉरमॅट झाला की लॅबचा जीव गेला. नगांची संख्या मात्र बरोबर भरते. मी अशा दोन-तीन खोल्या पाहिल्या आहेत. नावं घेणार नाही, कारण तिथल्या शिक्षकांची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे पण जपायचं असतं.

हे जमणारं आहे, आणि आपल्याच राज्यात झालेलं आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प सुरू झाला. सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. ज्यांनी ते ऐकलेत त्यांना आठवेल, सुरुवातीलाच बाई किंवा सर सांगतात : हा धडा रेकॉर्ड करताना मी उबंटूची अमुक आवृत्ती आणि या सॉफ्टवेअरची तमुक आवृत्ती वापरत आहे. ऐकताना कंटाळा येतो, आपण पुढे ढकलतो. पण पाच वर्षांनी धडा जुळला नाही तर का जुळला नाही हे त्या एका वाक्यामुळे कळतं. अण्णांच्या मुलाच्या सोनेरी रिपोर्टात मला हेच वाक्य हवं होतं.

तर मागणी साधी आहे. शिक्षण विभागाला, संस्थाचालकांना आणि व्यवस्थापन समितीच्या पालकांनाही. डेडस्टॉक रजिस्टरात प्रत्येक मॉडेलच्या नावापुढे चार गोष्टी लिहा : बोर्ड कुठलं, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती कितवी, लायब्रऱ्यांची नावं, प्रत्येकीचा लेखक आणि आवृत्ती. लायब्ररी मॅनेजरमध्ये नावाशेजारीच आवृत्तीची यादी असते, जुनी हवी तर तिथूनच निवडता येते, पण कुठली निवडायची हे आधी माहीत हवं ना. शिवाय प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्यांचं फोल्डर एका पेनड्राइव्हवर, तो त्याच कपाटात, बोर्डाच्या शेजारी. त्यालाही दाखल नंबर द्या. नेट नसलं तरी लॅब चालेल. आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर 'अपडेट आहेत, सगळे टाकू का' असं विचारतं, त्याला प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात हो म्हणू नका.

दुसरी मागणी परीक्षकांना. प्रदर्शनात आपण मॉडेलसमोर उभे राहतो, मूल पाठ केलेलं बोलतं, दिवा लागतो, आपण मार्क देतो. यंदा एक करून बघा. मुलाला सांगा, दिवा एक सेकंदाने लागतो तो तीन सेकंदाने लाव, माझ्यासमोर कंपाइल करून भर. ज्याने स्वतः केलंय तो करेल. अडकला तरी एरर वाचायला लागेल, तेव्हा त्याला जास्त मार्क द्या. काही हजारांत रेडीमेड प्रोजेक्ट, रिपोर्ट आणि पीपीटी मिळतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, उगाच नाही माहीत असं दाखवू नका. इन्स्पायर योजनेत मुलाच्या खात्यावर मॉडेलसाठी १०,००० रुपये येतात. ते पैसे त्या दुकानात जाऊ नयेत असं वाटत असेल तर हा एक प्रश्न विचारायला लागतो.

कुणी म्हणेल, शाळेतल्या खेळण्यांवर एवढं काय. पण ठिबकचे कंट्रोलर, ओलाव्याचे सेन्सर, सोलर पंपाच्या पेट्या, सगळ्यांच्या पोटात अशीच चिप आणि असाच कुणीतरी लिहिलेला गठ्ठा आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात पाणी व्यवस्थापनाच्या ॲपपासून सेन्सरपर्यंत यावर काम चाललंय. ते शेतात येईल तेव्हा दुरुस्त करायला प्रत्येक वेळी पुण्याहून माणूस येणार का? आज नववीत असलेलीच कुणीतरी ते करणार आहे, आणि तिला आपण आत्ता एरर वाचू दिला तरच.

अण्णांच्या पेटीच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवलाय, वरून पारदर्शक टेप, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. त्यावर मराठीत बोर्ड, आवृत्त्या, लायब्रऱ्या आणि मी काय बदललं ते लिहिलंय. त्याचाच कोरा नमुना पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतोय. ज्या सरांना, बाईंना पाहिजे त्यांनी प्रिंट काढून घ्या, नाव टाकायची गरज नाही. एररच्या वाक्यांचा मराठी तक्ता अर्धा झालाय, तुमच्याकडे वेगळा एरर आला असेल तर कॉमेंटमध्ये अख्खा टाका, तक्त्यात भर घालू. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं.